कंपनीची थाळी आणि झाडेबाईंची फ्लॉपी

लोकांची दिवाळी दिवाळीला असते, माझी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी असायची. खंडेनवमीला वर्धा जिल्ह्यातल्या झाडून साऱ्या कचेऱ्यांत टाइपरायटरची पूजा व्हायची. पूजा करणारे भाविक, त्यामुळे हळद-कुंकू नुसतं बाहेरून लावून त्यांचं समाधान होत नसे. दोन चिमटी आतही जायची, वरून झेंडूच्या पाकळ्या, अक्षता. दसरा उलटला की माझ्या वर्ध्याच्या दुकानात निरोपांची रांग लागे : "उरकुडे भाऊ, मशीन अडकून राह्यली, येजो लवकर." मी ब्रश, रॉकेलची बाटली आणि शिलाई मशीनच्या तेलाची कुपी पिशवीत टाकून एसटी धरायचो. आर्वी, देवळी, समुद्रपूर, हिंगणघाट. मशीन उपडी केली की टेबलावर कुंकवाचा सडा पडायचा. रॉकेलनं आंघोळ घातली की पुन्हा खडखडायला लागायची. देव खूश, साहेब खूश, आणि मीही.

सत्तरच्या दशकात मी हेच केलं. एजन्सी दुसऱ्याची, मी तिचा पगारी मेकॅनिक, पण जिल्ह्यात टाइपरायटर म्हटलं की माणसं माझंच नाव घेत. देवळीच्या एका वकिलांची मशीन अधूनमधून 'र' गाळायची. वकील म्हणत, कंपनीनंच लबाडी केली. उघडून पाहिलं तर 'र'च्या दांडीखाली सुपारीचं खांड. वकिलांनी ते उचललं, निरखलं, म्हणाले, "माझं नाई. पक्षकाराचं असंन." अशी गिऱ्हाइकं सांभाळत माझा हात तयार झाला. धंदा कोणताही असो, अर्धी दुरुस्ती यंत्राची असते आणि अर्धी माणसाची.

ऐंशीचं दशक अर्ध्याच्या वर सरलं आणि आमच्या एजन्सीला एका मोठ्या कंपनीच्या कॉम्प्युटरची विक्री मिळाली. मी रातोरात मेकॅनिकचा इंजिनियर झालो. नागपूरला कंपनीनं शिकवलं, कंपनीचा टाय दिला. टाय मी वर्ध्याच्या उन्हात एकदाच घातला. पण मशीन पाहिली आणि खरं सांगतो, जीव हरखला. टाइपरायटरमध्ये मला प्रत्येक अक्षराची दांडी दिसायची, इथं काहीच हलत नव्हतं आणि सारं होत होतं. चुकलं तर खोडायचं, पान फाडायचं कामच नाही. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, "हे यंत्र नाही, हे लबाड देवाचं काम आहे." ती म्हणाली, "मंग पगारबी देवासारखाच देतीन का?" नाही दिला.

आता कंपनीची विकायची तऱ्हा सांगतो, कारण सारी गोष्ट तिथंच अडकली आहे. कॉम्प्युटर म्हणजे नुसतं खोकं. त्यात काम करायला प्रोग्राम लागतो, तो फ्लॉपी नावाच्या चपट्या चौकोनी तबकडीत असायचा. आमची कंपनी खोकं, पडदा, कीबोर्ड, छपाईचा प्रिंटर, हिशेबाचा प्रोग्राम, मराठी लिहायचा प्रोग्राम, इतकंच काय प्रिंटरची शाईपट्टी आणि चालवणाऱ्याचं नागपूरचं शिक्षण, हे सगळं एकत्रच विकायची. सुटं काही मिळायचं नाही. दुसऱ्याचा प्रोग्राम घातला तर गॅरंटी खलास. जुने टाइपरायटरही बदल्यात घेऊन जायची, म्हणजे मागं फिरायची वाटच नाही. जिल्ह्यात दुसरं कुणी कॉम्प्युटर विकायला येत नव्हतं, त्यामुळे आमचीच मक्तेदारी.

आज कंपनीला शिव्या देणं सोपं आहे. पण त्या काळी सुटं-सुटं आणून जोडणारा माणूस जिल्ह्यात होता कुठं? एकाच कंपनीचं सगळं, बिघडलं तर एकाच माणसाला बोलवायचं, आणि तो माणूस मी. गिऱ्हाइकाला त्यातही एक निवांतपणा होता. कंपनीच्या लोकांची मेहनत मी पाहिली आहे, माल चोख होता. फक्त तो घेतल्यावर आपला होत नसे.

हिंगणघाटच्या एका सहकारी जिनिंग-प्रेसिंग संस्थेनं कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं तेव्हा हे मला पहिल्यांदा उमजलं. कापसातून सरकी वेगळी करायची, रुईच्या गाठी बांधायच्या, असा तो कारखाना. दसऱ्यानंतर कापसाच्या बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग रस्त्यापर्यंत जायची आणि प्रत्येक बंडीवाल्याला वजनाची, प्रतीची पावती मराठीत द्यावी लागायची. संस्थेचे अध्यक्ष अल्लीपूरचे बाबाराव पाटील. धोतर, पांढरा सदरा, आवाज असा की जिनिंग चालू असतानाही ऐकू यावा. शाळा थोडी शिकलेले, पण सौद्यात त्यांना फसवणारा माणूस जन्माला यायचा होता.

कंपनीतर्फे नागपूरचे आमचे मॅनेजर दीक्षित साहेब माल दाखवायला आले. पाटलांनी त्या दिवशी झाडेबाईंना मुद्दाम बोलावून घेतलं होतं. शकुंतला झाडे, हिंगणघाटच्या टायपिंग इन्स्टिट्यूटच्या मालकीण, शिक्षिका, चपराशी, सगळं त्याच. तालुक्यातले बहुतेक टायपिस्ट त्यांच्या हाताखालून गेलेले. शिकवताना बोलणं छापील, रागावल्या की अस्सल हिंगणघाटच्या. त्यांच्या मशिनी मीच दुरुस्त करायचो, त्यामुळे आमचं भावा-बहिणीसारखं नातं, म्हणजे भांडण रोजचं.

बाईंची शिकवायची रीत न्यारी होती. पहिल्या दिवसापासून विद्यार्थ्याच्या हातांवर फडकं. बटणं दिसायलाच नकोत. बोटानं जागा ओळखायची, डोळे मजकुरावर ठेवायचे. चुकून कुणी फडकं वर करून पाहिलं तर बाई फूटपट्टी टेबलावर आपटायच्या : "अक्षर बोटात पाह्यजे, डोळ्यात नाई!" पोरी रडायच्या, आणि सरकारी परीक्षेत पटापट पास व्हायच्या. मी तर म्हणेन, तशी शिक्षिका मी पुन्हा पाहिली नाही.

दीक्षित साहेबांचं सांगून झालं तेव्हा बाईंनी एकच प्रश्न विचारला.

"मराठी अक्षरं टाइपरायटरच्याच जागी आहेत का?"

"नाही मॅडम. नवी मांडणी आहे. शास्त्रशुद्ध. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला."

"छान आहे. नव्यानं शिकणाऱ्याला सोपी जाईल," बाई म्हणाल्या. त्यांनी चांगल्याला चांगलं म्हणायला कधी कंजुषी केली नाही. "पण माझ्या पोरींचे हात वेगळ्या जागी बसले आहेत. मशीन तुमचं घेऊ, मराठीचा प्रोग्राम दुसऱ्याचा घालू. पुण्यात एक लहान कंपनी टाइपरायटरच्या मांडणीचा प्रोग्राम विकते, मी चौकशी केली आहे."

दीक्षित साहेब हसले. माणूस गोड बोलायचा. "मॅडम, ही थाळी आहे. थाळीतली भाजी वेगळी बदलून मिळत नाही."

"खानावळीत वांगं नको म्हटलं तर तुम्ही पोळीबी उचलून नेता काय?"

पाटील खो-खो हसले. मग म्हणाले, "साहेब, एकाधिकार आमाले नवा नाई. आमचा कापूस घेनारा एकच हाय, सरकार. पन त्यानं आजवर असं नाई म्हटलं का कापूस आनाचा त माह्याच बंडीतून आन, माह्याच बैलाची जोडी लावून आन."

सगळे हसले, दीक्षित साहेबही. पण शेवटी पाटलांनी सही केली, कारण दुसरं घेणार कुणाचं? दुसरी कोणतीही कंपनी नागपूर सोडून इकडं यायला तयार नव्हती. जुने टाइपरायटर मीच टेम्पोत भरून नेले.

आता रेखाचं सांगतो. रेखा मडावी बाईंची विद्यार्थिनी, संस्थेत हंगामी टायपिस्ट. घरी गोंडी बोलायची, कचेरीत मराठी, आणि दोन्हीकडे कमीच बोलायची. वडील गेलेले. आई आयुष्यभर जिनिंगमध्ये राबली, कापसाच्या धुळीनं तिला दमा धरला होता. खाली दोन भावंडं शाळेत. रेखाचा हात असा चालायचा की मी मशीन दुरुस्त करून झाल्यावर मुद्दाम तिलाच बसवायचो. तिच्या बोटाखाली अडकली नाही तर मशीन कुठंच अडकणार नाही. त्या वर्षी तिची जागा कायम व्हायची होती. तेवढ्यात कॉम्प्युटर आला.

कंपनीची अट : चालवणारा नागपूरला जाऊन, तिथं राहून, आमच्या केंद्रात शिकून आलेलाच हवा. नाही तर गॅरंटी नाही. संस्थेच्या ठरावातही तसंच घातलं गेलं. जो नागपूरचा कोर्स करेल तो कायम, बाकीचे हंगाम संपला की घरी. रेखा नागपूरला जाऊन राहिली तर इकडं आईला रात्री उठून बसवणार कोण, भाकरी थापणार कोण? ती गेली नाही. कंपनीनं तात्पुरता एक ऑपरेटर नागपूरहून पाठवला. रेखाला काम उरलं ते प्रिंटरमधून निघणाऱ्या कागदाच्या दोन्ही कडांच्या भोकाभोकांच्या पट्ट्या फाडायचं. तिचे ते हात, आणि पट्ट्या फाडतात! मला बघवत नसे. बाईंना तर मुळीच नाही. "उरकुडे, तिची नोकरी गेली तर मी उद्या पोरींना काय सांगून फी घेऊ? शिका गं, आणि पट्ट्या फाडा?"

पण बाई गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी पुण्याला मनीऑर्डर करून तो मराठीचा प्रोग्राम मागवून घेतला. स्वतःजवळ कॉम्प्युटर नाही, गावात चालवायला मिळेल अशी आशा नाही, आणि ही बाई फ्लॉपी घेऊन बसली! लोणी घेतलं, म्हैस पुढं बघू. ती फ्लॉपी त्यांनी स्टीलच्या डब्यात, वर मऊ फडकं घालून ठेवली होती. मी चेष्टा केली, "बाई, मुरांबा घातला का?" त्या म्हणाल्या, "मुरू द्या. कामी येईल."

आणि आली खंडेनवमी.

कॉम्प्युटरसाठी संस्थेनं वेगळी खोली केली होती. गार हवेची मशीन, जाड पडदा, आणि कंपनीच्या हुकमानं चपला बाहेर. धूळ आत जाऊ नये म्हणून तो नियम, पण आमच्या लोकांना चपला काढायला लावल्या की पुढचं सगळं आपोआप होतं. कुणी आत जाताना उंबऱ्याला हात लावायचं, कुणी कॉम्प्युटरच्या पडद्याला नमस्कार करायचं. मग खंडेनवमीला पूजा होणार नाही तर काय होणार? मी सांगून ठेवलं होतं, बाबांनो, हळद-कुंकू खोक्याला बाहेरून, बोटभर. त्यांनी ते इमानदारीनं पाळलं. नारळाबद्दल मी काही बोललो नव्हतो.

नारळ बाहेर उंबऱ्यावर फोडायचा तर बाहेर जिनिंगची धूळ. पाटील म्हणाले, देवापुढंच फोडू. तांब्याच्या गडव्यावर धरून त्यांनी स्वतःच्या हातानं कोयता मारला. नारळ चांगला निघाला, पाणीदार. अर्धं भकल हातून निसटलं आणि सगळं पाणी कीबोर्डवर. "तीर्थ पडलं, शुभ हाय," कुणीतरी म्हणालं म्हणे. थोड्या वेळानं एक बटण दाबलं की पडद्यावर त्याच अक्षराची माळच्या माळ उमटायला लागली, मग तेही बंद झालं.

मी दसरा उलटल्यावर गेलो. टाइपरायटर असता तर रॉकेलनं धुतला असता. हा उघडला तर आत सगळा गोड चिकटा, पत्र्यावर हिरवट डाग. गेलाच होता. पाटील दाराशी उभे, कोयता मारणारा हात पाठीमागं. एवढा मोठा माणूस, पण शाळेतल्या पोरासारखा चेहरा. "काय गा उरकुडे, माह्यानं झालं. दुसरा बसवून दे ना."

दुसरा म्हणजे कंपनीचाच, कारण कंपनीच्या कीबोर्डच्या तारेचं टोक निराळं होतं. दुसऱ्या कुणाचा त्या खोक्यात शिरतच नसे. नागपूरला फोन लावला. ते म्हणाले, मुंबईहून मागवावा लागेल, वेळ लागेल, आणि नारळाचं पाणी गॅरंटीत येत नाही. ऑपरेटर पिशवी उचलून नागपूरला निघून गेला, कीबोर्ड आला की बोलवा म्हणाला. बाहेर बंड्या लागायला सुरुवात झाली. टाइपरायटर आम्हीच नेलेले. कारकून हातानं पावत्या लिहीत होते, रांग हलत नव्हती, उन्हात बैल आणि माणसं दोन्ही तापलेली. रेखाला फाडायला पट्ट्याही उरल्या नाहीत. सचिवांनी तिला सांगितलं, बाई, आता तुझं इथं काही काम नाही, महिनाअखेर मोकळी हो.

दुसऱ्या सकाळी झाडेबाई वर्ध्याच्या माझ्या दुकानात हजर. काखेत स्टीलचा डबा.

"दुसऱ्या कंपनीचा साधा कीबोर्ड नागपूरला मिळतो का?"

"मिळतो बाई. पण टोक बसत नाही."

"आत काय फरक आहे?"

मी मेकॅनिक माणूस, पण इतकी साधी शंका मला आली नव्हती. दुकानात दुसऱ्या गिऱ्हाइकाचा, नागपूरहून आणलेला एक साधा कीबोर्ड दुरुस्तीला आला होता. तो उघडला, शेजारी मी हिंगणघाटहून सोबत आणलेला पाटलांचा मेलेला कीबोर्ड ठेवला, मीटर लावून एकेक तार तपासली. मी बघतच राहिलो. आत सगळं सारखं. त्याच तारा, तेच काम. फक्त टोक वेगळं घडवलं होतं, दुसऱ्याचा शिरू नये म्हणून. मला कंपनीचा राग आला, आणि खरं सांगायचं तर थोडं कौतुकही वाटलं. काय डोकं चालवलं होतं लेकाच्यांनी!

"मग कापा," बाई म्हणाल्या. "जुन्याचं टोक नव्याला जोडा."

"बाई, मी कंपनीचा माणूस. गॅरंटी जाईल. माझी नोकरी जाईल."

त्या खुर्चीवर बसल्या. आवाज एकदम खाली आला. "रेखाची जाऊनच राह्यली ना, उरकुडे भाऊ. तुमाले दुसरी कंपनी घेईल. तिले कोन घेते?"

मी त्याच दिवशी नागपूरला गेलो, सीताबर्डीतून साधा कीबोर्ड घेतला, आणि हिंगणघाट गाठलं. कापण्याआधी पाटलांना विचारलं, कारण वस्तू त्यांची. "पाटीलसाहेब, मशीन तुमची आहे. कापू का?"

पाटील म्हणाले, "मशीन आमची हाय का कंपनीची, हेच त मले आजवर समजून नाई राह्यलं. काप. आमची असंन त कळंन."

मी कापलं. सोल्डर केलं, पट्टी गुंडाळली, टोक घातलं. पडदा उजळला. बाईंनी डबा उघडला, फडकं बाजूला केलं, फ्लॉपी माझ्या हातात दिली. कंपनीनं आम्हाला घोकून घेतलं होतं की दुसऱ्याचा प्रोग्राम घातला तर मशीन बिघडतं. काही बिघडलं नाही. थोडी करकर झाली आणि पडद्यावर मराठी अक्षरं आली, कोरी करकरीत.

रेखाला बोलावलं. ती दारात चपला काढून आत आली, खुर्चीवर बसली. तेवढ्यात पाटील वाकून म्हणाले, "अरे पन याच्यावर त इंग्रजी हाय सारं!"

खरंच. साध्या कीबोर्डवर ए, बी, सी, डी. एकही मराठी अक्षर नाही. नागपूरचा ऑपरेटर असता तर हात वर केले असते. टोकाच्या नादात माझ्याही हे लक्षात आलं नव्हतं.

बाई शांतपणे म्हणाल्या, "असू द्या. ती बघतच नाही."

पाटलांनी एका बंडीवाल्याचं नाव सांगितलं, गाव, वजन, प्रत. रेखाची नजर पाटलांच्या तोंडावर. बोटं खाली आपली आपण चालत होती. इतके दिवस पट्ट्या फाडणारी बोटं. प्रिंटरनं करवतीसारखा आवाज करत पावती बाहेर टाकली. पाटलांनी चष्मा चढवून वाचली, पुन्हा वाचली. बाहेर जाऊन बंडीवाल्याला दिली. आत आले ते म्हणाले, "पुढचा सांगू का?" रांग सांजेपर्यंत चालू राहिली. मी बाजूला उभा राहून पाहत होतो. आयुष्यात मी पुष्कळ यंत्रं चालू केली, पण तसा आनंद दुसऱ्यांदा झाला नाही. बाई खिडकीशी उभ्या होत्या आणि पदरानं चष्मा पुसत होत्या. चष्मा स्वच्छच होता.

ही बातमी नागपूरला पोचायला वेळ लागला नाही. दीक्षित साहेब कंपनीचा नवा कीबोर्ड घेऊन स्वतः आले. साधा कीबोर्ड पाहिला, पट्टी गुंडाळलेली तार पाहिली, आणि त्यांचा गोडवा संपला.

"ही तार कुणी कापली?"

"मी कापली साहेब."

"तुम्ही? कंपनीच्या माणसानं?" मग पाटलांकडे वळून, "अध्यक्षसाहेब, ही मशीन आता गॅरंटीत नाही. दुसऱ्याचा प्रोग्राम, दुसऱ्याचा कीबोर्ड, आणि कोर्स न केलेली मुलगी. कंपनी जबाबदार राहणार नाही."

पाटील उठले नाहीत. सुपारी कातरत बसले होते. "गॅरंटी तुमची हाय, घेऊन जा. पोरगी आमची हाय, थे राह्यते. अन् हे पाहा, तालुक्यातल्या साऱ्या जिनिंगवाल्यायले मी सांगीन का मशीन लय चांगली हाय. तुमचीच घ्या म्हनून सांगीन. पन उरकुड्याले काई केलं, त कोनाची घ्याची थे बी मीच सांगीन."

दीक्षित साहेब हुशार विक्रेते होते. ते एक खुर्ची ओढून बसले. थोडा वेळ रेखाचं काम पाहत राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा राग उतरत गेला. चांगलं काम ओळखण्याइतका तो माणूस मोठा होता. शेवटी झाडेबाईंना म्हणाले, "मॅडम, हा प्रोग्राम खरंच बरा आहे. पण आमचाही वाईट नाही."

"वाईट कोण म्हणतं? सक्ती नको म्हणते मी."

तेव्हा पाटलांनी सुपारी बाजूला ठेवली. "आपन सारे बोलून राह्यलो. जिले दिवसभर बसाचं हाय तिले कोनी विचारलंच नाई. रेखा, तुले कोनता पाह्यजे वं? साहेबाचा का बाईचा?"

मला वाटलं, ती बाईंकडे बघेल आणि बाईंचं नाव घेईल. ती कुणाकडेच बघत नव्हती. तिनं कीबोर्डवरचे हात मांडीवर घेतले.

"मले दोन्ही पाह्यजे," ती म्हणाली. "पावत्या बाईच्या फ्लॉपीवर करीन. साहेबाचा कीबोर्डबी इथंच ठेवा, रोज जेवनाच्या सुट्टीत शिकीन मी. पन शिकाले नागपूरले जानार नाई. कोनता कव्हा वापराचा थे मी ठरवीन."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या कंपनीशी भांडल्या होत्या, मी तार कापली होती, पाटलांनी दम भरला होता. पण निवड काय असते ते आम्हा तिघांपेक्षा त्या पोरीला नीट कळलं होतं.

पाटील सचिवांकडे वळले. "ठराव बदला. नागपूरचं कलम काढा. हिले कायम करा."

"नेमणूकपत्र उद्या काढतो," सचिव म्हणाले.

"उद्या कायले? टायपिस्ट समोर बसली हाय ना. सांगा तिले."

सचिव मजकूर सांगू लागले. रेखाची बोटं चालू झाली, नेहमीसारखी, नजर सचिवांच्या तोंडावर. "कुमारी रेखा..." इथं आल्यावर ती थांबली. तिनं मान खाली घातली आणि मी तिला ओळखत होतो तेव्हापासून पहिल्यांदाच बटणांकडे बघून, एकेक दाबत, स्वतःचं नाव लिहिलं.

बाईंच्या हातात फूटपट्टी नव्हती. असती तरी त्यांनी ती आपटली नसती.